कॉम्प्युटरच्या डोक्याला अक्षता

पारोळ्याला एक जोडपं बसमध्ये चढलं आणि माझ्या पुढच्या बाकावर बसलं. नवऱ्याच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा होता.

"उद्या क्लासचं उद्घाटन, आणि हा तापून बंद पडतो. जळगावात त्या दुकानदाराला आज सोडत नाही."

"भांडू नका हो."

"का नको? त्यानं दिलेला पंखाच खराब. उष्णता पंख्याकडे जावी म्हणून मी त्याखाली पांढरी पेस्ट अगदी पातळ लावली होती."

"लावली होती. मग तुम्ही पेचकस आणायला गेलात, तेव्हा मी पूजा केली."

"कशाची?"

"त्या मधल्या चौकोनाची. ते कॉम्प्युटरचं डोकं, असं तुम्हीच म्हणालात. टिळा डोक्यालाच लावतात. वर अक्षता लावल्या. पेस्टमुळे छान चिकटल्या."

"तांदूळ? आणि त्यावर मी पंखा बसवला? मग तो टेकेल कसा!"

"चष्मा लावला असता तर दिसले असते."

"बंद पडला तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही दुकानदाराला शिव्या देत होतात. मध्ये कशी बोलू?"

"एरंडोलला उतरू. पुसून पेस्ट पुन्हा लावू. दुकानदाराला कळता कामा नये."

"आणि पूजा?"

"डब्याच्या बाहेरून!"

ती मागे वळली. "आबा, तुम्हीच सांगा. तुमच्याकडे नव्या यंत्राची पूजा करत नाहीत?"

"आमची ही होती तोवर करायची. रेडिओच्या आत हळदकुंकू टाकलं होतं तिनं."

"बघा! मग वाजतो ना?"

तो रेडिओ अजून घरात आहे. त्या दिवसापासून मुका आहे.

"छान वाजतो," मी म्हणालो.