टेपवरचा हशा

हा किस्सा गेल्या पाडव्याला हिमायतनगरच्या घरी चहा घेताना मला स्वतः दिगंबरकाकांनी सांगितला. खासगी वाहिन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीसाठी काकांनी आपली पहिली विनोदी मालिका लिहिली होती. संहिता वाचून निर्माता म्हणाला, "दिगंबरराव, यात हसायचं काय आहे? टेपवरचा हशा भरू. तरी जमलं नै, तर सीरियल बंद!"

काका म्हणाले, "हौ, भरा. पण आधी शूटिंग तर होऊ द्या."

शूटिंगमध्ये ध्वनिमुद्रकाचेच हसू माइकमध्ये शिरले आणि चार टेक वाया गेले. पाचव्या वेळी निर्माता ओरडला, "रहने दो! याचंच हसू ठेवा, टेप नक्को!"

मालिका दोन वर्षे चालली. त्या हशात निर्मात्याचाही आवाज आहे, असे काका ठामपणे सांगतात. तेवढे मात्र मला कधीच पडताळता आले नाही.