एलाच्या खोऱ्यातला दगड

पेठ वडगावच्या एसटीत बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून मी मागं वळले नाही. मागच्या सीटवर आत्या-भाची बोलत होत्या.

“प्रेरणा, तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं इस्राएलवरनं पाठवलेला ह्यो दगड कुठला?”

“एलाच्या खोऱ्यातला. बायबलातल्या दावीदानं राक्षसासारख्या गल्याथाला मारायला गोटे वेचले, त्या ओढ्यातला.”

“तिथं चुनखडी हाय. चर्चच्या पाळकांनी तिथनं आणलेला गोटा पांढरा, लिंबू पिळलं की फसफसतोय. ह्यो आपल्याकडच्यावानी काळा, ढिम्म हलत न्हाय.”

“दगडावर लिंबू पिळलंस, आत्या?”

“रविवारी साखरपुडा हाय की! पोरगा तिकडं गेलाच न्हाय.”

“ठाऊक हाय. व्हिडिओ कॉलवर मागं जोतिबाचा डोंगर दिसलाता.”

“आणि तू गप?”

“त्यानं स्वतः सांगावं म्हणून थांबलोय.”

“न्हाय सांगितलं तर?”

“तर आईला तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय.”