तिसऱ्या बेसची माती

नाही गं, तोंडावर दार लावत नव्हते, माशा येतायत म्हणून ओढत होते. ये आत. पण ती टोपी माझ्या टेबलावर ठेवू नकोस. बाटली ठेव, टोपी नको, आणि ती फुकटची तिकिटंही नकोत. काय लावलंयस छातीवर — कोर्टनी? बरं, कोर्टनीबाई, आणि मला मिसेस टटल म्हणायचं, वांडा म्हणायला मी तुझी मैत्रीण नाही. फोन करकरून माझं बोट झिजलं तुमच्या क्लबात, स्वतः गेले, हात जोडायचेच तेवढे बाकी होते — जुनं बेसबॉलचं मैदान खणायच्या आधी मला आत सोडा, तिसऱ्या बेसजवळची माती घेऊ द्या, कॉफीचा एक डबा भरून, बस्स — कुणी दाद दिली? फाटकाला कुलूप. आणि आता सगळं उखडून झाल्यावर तू ही अत्तराच्या कुपीत चिमूटभर माती घेऊन आलीस. वर झाकणावर मुळा!

कुठून काढलात गं हा मुळा? संघाचं नवं नाव म्हणे डान्सिंग रॅडिशेस. नाचरे मुळे. या ब्रॅडक्रीकमध्ये मुळा खातं कोण? मी तरी सत्तर वर्षांत कुणाच्या ताटात बघितला नाही. आणि ते नाव शोधायला शहरातून माणसं आणली, त्यांना पैसे मोजले — खुळ्यांचा बाजार नुसता. माझ्या आजोबांच्या वेळी संघ वीटभट्टीचा होता. विटा करणारे खेळायचे म्हणून वीटवाले, ब्रिकमेन — संपलं, कुणाला विचारावं लागलं नाही. मैदानाची माती तांबडी का, हे सांगितलं तुला कुणी? भट्टीतल्या फुटक्या विटा कुटून घातल्यात तिच्यात. मॅच असली की भट्टीचा भोंगा लवकर व्हायचा. मग एका मोठ्या क्लबानं संघ दत्तक घेतला — त्यांची पोरं इथं तयार व्हायची, तयार झाली की उचलून वर न्यायची — आणि दत्तक गेलं की नाव बापाचं. छोटे कॉमेट. मग तो बाप सोडून गेला, दुसरा आला, छोटे अॅडमिरल. दर थोड्या वर्षांनी बारसं, आणि घुगऱ्या आम्ही खायच्या. खाल्ल्या ना! निमूट नवे शर्ट घेतले, नवं नाव घेऊन घसा फोडला. पण मुळा? मुळ्यासाठी ओरडू मी, या वयात?

चहा विचारणार नाहीये, तेव्हा त्या किटलीकडे बघू नकोस. संघातल्या त्या पोरांना पगार म्हणजे चणे-फुटाणे, मग गावातल्या घरांनी एकेकाला उन्हाळाभर ठेवून घ्यायचं, अशी रीत होती. आमच्या घरी आला डेल. डेलबर्ट टटल, जॉर्जियाचा, तिसरा बेस सांभाळायचा. आईच्या हातचे पिरोगी, बटाटा भरून उकडलेले, ताट भरून खायचा आणि वर विचारायचा — उरले असतील तर? हीच खुर्ची त्याची. फोनजवळची. वरून बोलावणं येईल म्हणून इथंच जेवायचा, फोन वाजला की घास हातात तसाच. कधी माझी मावशी असायची, कधी राँग नंबर. नाही आलं बोलावणं. त्याच्या मागून आलेले वर गेले, हा राहिला. मग भट्टीवर लागला, माझ्याशी लग्न केलं — उरलंसुरलं म्हणून नाही केलं हं, तसं बघू नकोस — आणि संध्याकाळ झाली की जाळीला टेकून तिसऱ्या बेसकडे बघत उभा. भट्टी बंद पडली, नावं बदलली, मी चिडायचे, तर हा म्हणायचा, वांडा, माती तीच आहे ना? मग संघ तोच. असला माणूस. म्हणून तर मी त्याला तिथं ठेव— त्याच्या आठवणी. आठवणी आहेत तिथं, असं म्हणतेय मी. तू बाटलीचं सांग.

ही तिसऱ्या बेसचीच कशावरून? — लेबल मलाही वाचता येतं, बाई. माती काढली तेव्हा तू होतीस का तिथं? होतीस. मग सांग. — एकत्र? सगळ्या बेसची एका ढिगात? आणि बाटल्या भरून विकल्या गावाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. — काय केली? चाळली? चाळायला काय पीठ होतं ते? — बाटलीत छान दिसावी म्हणून. बरं. चाळणीवर काय राहिलं? विटांचे तुकडे. आणि? आणि काय गं, गिळू नकोस शब्द. — पांढरे खडे.

खडे नव्हते ते.

बस. बस म्हणते ना, माझ्या घरात उभ्यानं रडू नकोस. तो डेल होता. आमच्या इथला दहनवाला जुना माणूस, यंत्र त्याहून जुनं, हाडं नीट दळलीच नव्हती त्यानं. परवानगी? तुमचा क्लब देतो वाटतं! रविवारी मॅच संपली की लहान पोरांना बेसवरून पळायला सोडतात ना, त्या गर्दीत शिरले, पर्स उघडी धरली, चालता चालता सोडली राख आणि बुटानं सारखी केली. पोरं किंचाळत त्याच्यावरून पळत होती. आवडलं असतं त्याला. मला फार आवडलं.

टाकले कुठं ते? खरं सांग, मला सांभाळून घेऊ नकोस. — कचऱ्यात नाही ना? — नव्या मैदानावर? त्या हायवेपलीकडच्या? फाटकाजवळच्या मोठ्या कुंड्यांत, बुडाला, पाणी निचरायला. हं. आणि कुंड्यांत लावलंय काय? — नाही, सांगच. तुझ्या तोंडून ऐकू दे.

मुळे.

वा रे डेल टटल. जन्मभर ज्याला कुणी उचलून नेलं नाही, त्याला या मुळ्यांनी नेलं. मला दारात उभं करत नाहीत आणि त्याला नेलं.

हात काढ माझ्या खांद्यावरून. कुणाजवळ बोललीस तर याद राख, उद्या त्या कुंड्या उपसून धुऊन ठेवतील. पाणी कोण घालतं तिथं? — मग उन्हाचं दोनदा घालायला सांग. ऊठ आता. टोपी उचल. बाटली राहू दे, चिमूटभर तरी असेल तो तिच्यात. — आणि तिकिटं आणली होतीस ना गं मघाशी? एक ठेव. एकच. तुमचा खेळ बघायला नाही येत मी. जा. दार ओढून घे, माशा येतात.