खांद्यावरचा हात

मंडळी, आज आख्यानाआधी एक सवाल टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. सवाल असा — देवानं एका घरात जी माणसं जन्माला घातली, त्यातलं एखादं पुसून टाकायचा हक्क कुणाचा? हसताय! "महाराज, आम्ही कशाला कुणाला पुसू?" बरं, बरं. मृदंगवाले, जरा हात थांबवा. ऐका.

करमाळ्याकडं एक फोटोग्राफर होता, रमाकांत वेदपाठक. तीस वर्षांचा धंदा. पूर्वी शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या सुरकुत्या भरायचा, आता कॉम्प्युटरवर भरतो. त्याचा एकच अभिमान — माझ्या दुकानातून कुणी काळंबेंद्रं होऊन बाहेर जात नाही. गिऱ्हाईकानं बोट दाखवायचं आणि यानं दुरुस्त करायचं. खोटं कशाला बोलू, माझाही फोटो त्यानंच काढलाय. मंडपाच्या दारात लागलाय तो. तो बघून आत आलात आणि मला बघून फसलात, हो की नाही?

तर या रमाकांतकडं बोराडे घराण्याचं काम आलं. गोदाक्का बोराडे, वय एक्याऐंशी. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. थोरला दामोदर, त्याला सगळे अण्णा म्हणायचे. धाकटा शरद. सुना, नातवंडं. आणि एक मुलगी, मालन. बारा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून अण्णानं तिला माहेरचं दार बंद केलेलं. पण म्हातारीनं नातीच्या फोनवरून स्वतः बोलावलं तिला. म्हणाली, "माझा फोटो निघतोय, तू ये." आली बिचारी. आईच्या मागं उभी राहिली, डाव्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीनं आपला उजवा हात वर नेऊन ती बोटं घट्ट धरली. रमाकांतनं बटण दाबलं. अण्णा काही बोलला नाही. आईसमोर नाहीच बोलला.

फोटो घरच्यांना मोबाईलवर गेला आणि सुरू झाल्या सूचना! शरद म्हणतो, टक्कल जरा झाका. थोरल्या सूनबाई म्हणतात, मला दोन छटा उजळ करा. नातवाचे डोळे मिटलेत, दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवा. अण्णाचं पोट आत घ्या. अहो, आपला विठोबा इतका काळा, कमरेवर हात ठेवून नुसता उभा. त्याला म्हणालं का कुणी, देवा, जरा उजळ हो, हात खाली सोड? आपल्याला मात्र आरसासुद्धा आपल्या मर्जीचा लागतो!

रमाकांतनं सगळं केलं. चौथ्या दिवशी दुपारी अण्णा स्वतः दुकानात आला. दार लोटून घेतलं. खुर्चीवर बसला नाही. कॉम्प्युटरवरच्या मालनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हिला काढा."

रमाकांतला वाटलं, चेष्टा आहे. "अण्णा, सख्खी बहीण तुमची."

"बारा वर्षं गावाला सांगत आलोय, आम्हाला बहीण नाही. सोहळ्याला पाचशे माणूस येणार. वडील हिच्यापायी खंगून गेले, ते मी बघितलंय, वेदपाठक. तुम्ही नाही."

"पण आक्का..."

"आईला काय दिसतंय?"

बघा मंडळी. काय शब्द निघाला तोंडातून. आणि रमाकांत? गिऱ्हाईकाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. बसला. मालनचा चेहरा गेला, पदर गेला, मागचा पडदा ओढून ती जागा भरली. पण खांद्यावर चार बोटं राहिली. त्यानं फोटो मोठा केला. त्या बोटांवर म्हातारीचा हात. किती घट्ट! नखं पांढरी पडलेली. मग त्यानं दुसऱ्या फोटोतून म्हातारीचा उजवा हात आणला आणि मांडीवर ठेवून दिला. असा बेमालूम, की कुणाच्या बापाला कळणार नाही. पण त्याला घास गोड लागेना. आपण काहीतरी चोरलंय, असं त्याला दोन दिवस वाटत राहिलं.

सोहळ्याची सकाळ. दाराएवढा फोटो, वर रेशमी शालू टाकलेला. गोदाक्का चौरंगावर. एक्याऐंशी दिवे लागले, बायका ताम्हणं घेऊन औक्षणाला उभ्या. मालन कुठं? मागं, आचाऱ्याच्या मांडवात. "पुढं गर्दी आहे, तू इथंच बस," असं वहिनीनं सांगितलेलं. अण्णानं शालू ओढला. टाळ्या! "वा, काय फोटो, काय फोटो!" अण्णाची छाती फुगली.

म्हातारी म्हणाली, "फोटुवाला आलाय का? त्याला म्हणावं, हिकडं ये."

रमाकांत पुढं झाला.

"मला दिसत न्हाई, बाळा. तू सांग. माझा हात कुठं हाय फोटूत?"

रमाकांतच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "मांडीवर, आक्का."

म्हातारी म्हणाली, "मी तर वर धरला हुता."

रमाकांतनं अण्णाकडं बघितलं. अण्णानं डोळे वटारले. पाचशे माणसं, आणि घाम फुटलाय एकट्याला.

"मला उठीव," म्हातारी म्हणाली. नातीनं तिला धरून फोटोपाशी नेलं. तिनं तर्जनी पुढं केली. "हे बोट माझ्या मालनवर ठेव. कुठं उभी हाय ती?"

आता सांगा! काय करायचं त्यानं? आंधळं बोट ते. सुनेवर ठेवलं असतं तरी म्हातारीला कळलं नसतं. अण्णा खूश, पाहुणे खूश, सोहळा पार पडला असता. तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं, मलाही ठाऊक नाही.

रमाकांतनं ते बोट हातात घेतलं. हळूहळू वर नेलं. फोटोतल्या मोकळ्या पडद्यावर टेकवलं.

"इथं होती, आक्का. मी काढली."

म्हातारीनं विचारलं नाही की कुणी सांगितलं. बोट तिथंच ठेवून म्हणाली, "मग मला बी काढ. मी तिच्याजवळ बसले हुते."

ताम्हणं घेऊन उभ्या बायकांचे हात अवघडले, तरी कुणी हलेना. म्हातारी चौरंगावर परत जाईना. शरद पुढं आला, "आई, मुहूर्त टळतोय." ती ऐकेना. दिव्यांतलं तूप संपत चाललं, एकदोन दिवे फडफडून विझलेसुद्धा.

शेवटी अण्णा उठला. तोंड काळवंडलेलं. "वेदपाठकांचा दोष नाही, आई. मी सांगितलं होतं." एवढं बोलून तो थेट आचाऱ्याच्या मांडवात गेला. मालन पुऱ्या लाटत बसली होती. तिला वाटलं, हाकलायला आलाय. ती उठून चप्पल शोधायला लागली. अण्णा म्हणाला, "आईला ओवाळायचं थांबलंय तुझ्यावाचून." बारा वर्षांत पहिलं वाक्य ते. पिठाच्या हातानं तिला पुढं आणली. विझलेले दिवे पुन्हा लावले, पहिलं औक्षण लेकीनं केलं.

रमाकांतनं तिथंच कॅमेरा काढला. सगळे पुन्हा उभे राहिले. आईच्या खांद्यावर पिठाचा हात, त्यावर आईचा हात. अण्णाचे डोळे सुजलेले, पोट पुढं, शरदचं टक्कल चमकतंय. सवयीनं रमाकांतनं विचारलं, "अण्णा, काही दुरुस्ती?"

अण्णा म्हणाला, "पोट राहू द्या. माणसं तेवढी मोजून घ्या."

मंडळी, मान डोलावताय, डोळे पुसताय, छान वाटलं मला. आता माझा सवाल पुन्हा ऐका. हा रमाकांत तुमच्यातच बसलाय, आणि अण्णाही बसलाय. लग्नाच्या यादीतून कुणाचं नाव गाळलंत? बारशाला कुणाला मुद्दाम कळवलं नाहीत? घरी जाल तेव्हा भिंतीवरचा फोटो बघा आणि कोण नाही ते आठवा. आता आरती होईल. पण ते माणूस याच गावात राहत असेल, तर आरतीला थांबू नका. आत्ता उठा, जा, त्याला घेऊन या. विठोबा थांबेल, त्याला उभं राहायची सवय आहे.