फोटोसाठी नटवलेली नात

आज या हॉलात पयलं कोण आलं, ठावं हाय का? निरोप ज्यांना द्यायचा ते भरतेशसाहेबच! आपल्याच समारंभाच्या खुर्च्या आपणच लावत हुते. आटपाडीच्या पयल्या एस्टीनं येऊनबी आमी दुसरेच. तर आजच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई, स्टेजवरची थोर मंडळी, नर्सताई आन समोर बसल्याली समदी मानसं, तुमा सगळ्यांना या अंजनाबाईचा नमस्कार. माझी शाळा दुसरीपतूर. तवा ह्याला भाषण म्हणू नका, बोलणं म्हणा.

माझी नात शिवांजली दोन वर्सांची झाली तरी हाकेला वळंना. बाप फौजेत लांब. सून अंकिता न् मी तिला हितं विश्रामबागच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करून ऐकायचं मशीन बसवता येईल. पण आधी कानाच्या आतला फोटो काढू. ऐकण्याची नसच नसेल, तर त्या मशीनचा उपयोग नाही."

आता फोटो म्हणल्यावर मानूस काय करील? मी पोरीला नवा परकर, पावडर, काजळ, चांदीचा करदोटा, समदं घालून आणली! एमआरआयच्या दाराशी तिथले फोटो काढणारे भरतेशसाहेब पोट धरून हसले. "आजी, हा फोटो डोक्याच्या आतला. अंगावर धातू चालत नाही, करदोटा काढा."

औषध देऊन पोर झोपवली. साहेब तिच्या कानात स्पंजाचे बोळे बसवाय लागले. मी म्हणलं, "आवं, बहिऱ्या पोरीला बोळे कशाला?"

"हे फोटोचं मशीन फार खडखडतं, आजी. थोडंफार ऐकू येत असेल, ते जपायला नको?"

दोन वर्सं ज्यानं त्यानं तिला बहिरीच म्हणलं. तिचे कान जपणारा मानूस मला तवा पयल्यांदा भेटला.

फोटो आला. मला त्यात गोगलगाईगत काय तरी दिसलं. बाई म्हणाल्या, "नस आहे. दोन्ही बाजूंना." अंकितानं पोरीला उचलून उराशी धरलं. मी इचारलं, "मग करदोटा घालू का आता?"

ऑपरेशन झालं. पुढं बोलाय शिकवणाऱ्या ताईंकडं लय खेपा झाल्या. आता पोर कुकरच्या शिट्टीला दचकती, न् मला म्हणती, "गप की आजी!" मी म्हणते, म्हण बाई, आनखी म्हण.

बाई, साहेब, समद्यांचे उपकार. माझ्या जिभेला हाड न्हाई. कुणाचं नाव ऱ्हायलं, कुणाचा मान चुकला, तर मनात धरू नका.

साहेब आन त्यांच्या मंडळी गुणमालावहिनी येत्या बुधवारी आमच्या गावच्या जत्रेला येतो म्हणल्यात. हलगी कडाडणार हाय, साहेब. बोळे मी तयार ठेवते, ह्या खेपंला तुमच्या कानाला. बुधवार, ध्यानात हाय न्हवं?