मडक्यात नसलेला शंख

— नको, हा नको. लांब झाला हा. सांगितलं ना, डोकं लहान आहे. माझ्या डोक्याकडे काय बघतोस, माझ्यासाठी नाही. माझं हे बांधलेलं आहे, अजून फाटत नाही. लहान डोक्याचा पंचा दाखव. पांढरा, तांबड्या काठाचा. रंग जाणारा नको, खाऱ्या पाण्यात उभं राहायचं आहे. — म्हणजे, ज्याला बांधायचा त्याला उभं राहायचं आहे. पुतण्या आहे एक. आहे म्हटलं ना. तू पंचे सोड.

बस की. गठ्ठा ठेव खाली. आत्ता कुणी दारात यायचं नाही तुझा माल बघायला, सगळे अम्मनच्या देवळापुढे जमतायत. सोडत आहे आज. ढोल वाजला की मलाही जायचं. माझ्याशिवाय सुरू होत नाही. मी इथला नाट्टार — तुमच्याकडे काय म्हणतात? थोरला पंच. तेच. कसली सोडत म्हणजे? पाण्याची रे, तंबी. तू चिरालाचा, विणकराचं पोर, तुला पाण्याचं काय कळणार. ती बघ समोर, खाडी समुद्राला मिळते ते तोंड. ओहोटीला सगळी कोळंबी तिथून बाहेर पडते. तिथे जाळ्याचे खुंट रोवायला जागा मोजक्या, आणि आम्ही माणसं पुष्कळ. मग काय, रोज डोकी फोडायची? आमच्या आज्या-पणज्यांनी फोडलीही. मग शहाणे झाले. आता ज्याच्या डोक्याला गावानं मुंडासं बांधलं, तो गडी आपली खूण मडक्यात टाकतो — कुणाचं बटण, कुणाची सुपारी, कुणाचा जाळ्यातला शिशाचा मणी. माझा शंख आहे, एवढासा, कड फुटलेला, बापाचा. वेलायुदम पुजारी डोळे मिटून एकेक काढतो. पहिली निघेल त्याला वाळूच्या दांड्याजवळची जागा. पाणी कमरेएवढं, आणि कोळंबी जाळ्यात ओतल्यासारखी येते. मग दुसरी, मग तिसरी, खोल-खोल. पुढच्या सोडतीपर्यंत ती ज्याची त्याची जागा. याला आम्ही पाडू म्हणतो. ना पोलीस, ना कचेरी. एकदा मोटारीतून साहेब आले होते, म्हणाले, नाट्टार, एवढ्या लोकांची खाडी तुम्ही भांडण न होता राखता कशी? मी म्हटलं, तुमच्याकडे कायदा आहे, आमच्याकडे मडकं आहे. लिहून घेतलं त्यांनी. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

हा बघू. हा बरा आहे. पोत जाड आहे थोडं. ठेव बाजूला.

एक नियम मात्र कडक. ज्याचं मुंडासं त्यानंच पाण्यात उभं राहायचं. स्वतःच्या अंगानं. बदली माणूस नाही, मजूर नाही. का? अरे, का काय! गावाबाहेरचा तो बर्फवाला, कोळंबीचा व्यापारी, टपूनच बसलाय — पाळ्या विकत घ्यायच्या, पगारी माणसं उभी करायची, बारीक जाळी लावून पिल्लंसुद्धा उपसायची. आज एकाला बदली चालू दिला की उद्या सगळी खाडी त्याची. म्हणून बदली नाही. आजारी असलास तर जागा रिकामी ठेव, पण दुसरा उभा करायचा नाही. हे मी राखलं. देसप्पनचं सांगतो. देसप्पन म्हणून एक आहे, माझ्याच वयाच्या आतबाहेरचा, चांगला गडी. तापानं फणफणला होता, त्यानं मेहुण्याला उभं केलं. एकच पहाट. मला कळलं. अम्मनच्या दारात, सगळ्या गावासमोर, या हातानं त्याच्या डोक्यावरचं मुंडासं मी उतरवलं. त्यानं मान खाली घातली. त्याची बायको बोलली. म्हणाली, तुम्हालाही ताप येतो, नाट्टार. मी म्हटलं, आला तर मी जागा रिकामी ठेवीन. त्याचा मुलगा वयात येईपर्यंत ते घर मडक्याबाहेर राहिलं. दुसऱ्यांची जाळी विणून जगले. आता मुलाला मुंडासं मिळालंय. त्यांची खूण पितळेचं बटण आहे, चकचकीत, लांबून दिसतं. — लोकांना दिसतं. मला नाही दिसत आता. पलीकडे बसलेल्या पुजाऱ्याच्या हातात बटण आहे की बोर, मला नाही कळत.

नाही, कठोर नव्हतं ते. तुला काय कळतंय. नियम होता.

पाणी आहे का तुझ्याकडे? दे घोटभर.

पाय चांगले आहेत माझे, तसं काही नाही. आत्ता आलो ना चालत, काठीबिठी काही नाही. जमिनीवर काही होत नाही. पाण्यात मात्र — पाण्यात उतरलं की गुडघ्याखाली पायच सापडत नाहीत. कुणीतरी कापून नेल्यासारखे. मागच्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. पहाटेची ओहोटी, जोराची, खुंटाला धरून उभा होतो आणि गेलो. पूंगावनम टोपली घेऊन नावेत होती, तिनं केस धरून ओढून काढलं. माझी मुलगी. नवरा मस्कतला गेला तो तिकडेच राहिला, मग ती इथे आली. मुलगा चेन्नैच्या बंदरात क्रेन चालवतो, तो म्हणतो, अप्पा, सोडा ते सगळं, इकडे या. सोडा म्हणे! — तर मी नावेत पडलेला, पाणी ओकतोय, आणि जाळं तसंच खुंटाला, ओहोटी चाललेली. पोरीनं काय केलं, माझं मुंडासं पाण्यावर तरंगत होतं ते उचललं, डोक्याला गुंडाळलं, लुगड्याचा कासोटा मारला आणि उतरली. मी म्हटलं, वर ये. म्हणाली, गप्प पडून राहा. बापाशी असं बोलतात? पण मी पडून राहिलो.

पुतण्याबितण्या कुणी नाही. कळलंच असेल तुला. कळलं नसेल तर तू विणकर कसला.

एकदाच म्हणून केलं. मग दुसऱ्या पाळीलाही तेच. मी नावेत आडवा, वर जाळं पांघरलेलं, आणि ती खुंटाशी उभी. कुणी अंधारातून विचारायचा, काय नाट्टार, ओढ कशी आहे? — ती गप्प. मी जाळ्याखालून खाकरून सांगायचो, बरी आहे. आवाज माझा, अंग तिचं. आणि मला वाटायचं, जमलं. खांद्यानं माझ्याहून हातभर खाली आहे रे ती! खोल जागा आली असती तर नाकातोंडात पाणी गेलं असतं तिच्या. पण आली नाही. दर सोडतीला पहिलं नाव माझं. दांड्याजवळची जागा, कमरेएवढं पाणी. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी. मी म्हटलं, अम्मन बघते. एवढी वर्षं तिचा न्याय सांभाळला, आता ती मला सांभाळते. नवस नव्हता बोललो, तरी साडी नेसवली तिला. आणि — हे सांगायला नको होतं — देसप्पन शेजारी उभा होता तेव्हा, त्याला म्हटलं, सचोटीनं राहिलं ना, देसप्पा, की देवी देते. तो म्हणाला, हो नाट्टार. खाली बघून म्हणाला. मला वाटलं, लाजला.

हसू नकोस. — नाही हसलास? बरं. मला वाटलं हसलास.

मागच्या सोडतीची गोष्ट. मडकं फिरवतात आमच्यात, प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची, खूण सोडायची. माझ्यापुढे आलं तेव्हा मी कुणाला तरी दटावत होतो, बसायच्या जागेवरून दोन पोरं हुज्जत घालत होती. बोलता बोलता मूठ घातली, काढली. वेलायुदमनं डोळे मिटले, हात घातला, काढला, बघितलं आणि ओरडला — नाट्टारांचा शंख! कुणी हूं की चूं केलं नाही. मी उठलो, अम्मनला हात जोडले. घरी आलो. कांजी प्यायलो. मग पान खायला कनवटीची गाठ सोडली.

शंख माझ्या कनवटीला होता.

टाकलाच नव्हता. विसरलो होतो. रिकामी मूठ घातली होती मी मडक्यात. — कळलं का तुला? नाही कळलं? अरे, मग पुजाऱ्याच्या हातात काय होतं? कुणाची खूण बघून तो माझं नाव ओरडला? आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं ना! गावातली सगळी मुंडाशी, गोल करून बसलेली, सगळ्यांना डोळे आहेत, एक मी सोडून. पूंगावनमला हाक मारली. शंख तिच्यापुढे धरला. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. म्हणाली, सगळ्यांना ठाऊक आहे, अप्पा. पहिल्या पाळीपासून. मला खोल पाणी येऊ नये म्हणून त्यांनी ठरवलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही असंही ठरवलं. मी विचारलं, या वेळी खूण कुणाची निघाली होती? तिनं पुढचं भांडं ओढलं. मी ओरडलो तिच्यावर. मग म्हणाली, देसप्पन मामांचं बटण.

— हं.

तोच पंचा दे. तो, तांबड्या काठाचा. पैसे धर.

तू म्हणशील, चांगलं केलं गावानं. मान ठेवला म्हाताऱ्याचा. मान! शिक्षा केली असती तर मान राहिला असता. मुंडासं उतरवलं असतं अम्मनच्या दारात, तर मी मान खाली घातली असती आणि घरी आलो असतो, देसप्पन आला तसा. यांनी मला वगळलं रे. लहान पोराला खेळात घेतात ना, त्याला बाद करत नाहीत — तसं. आणि माझ्यासाठी मडकं खोटं केलं. ज्या मडक्यावर ही खाडी उभी आहे, ते. आज माझ्या पायांसाठी, उद्या आणखी कुणाच्या मुलासाठी, परवा तो बर्फवाला म्हणेल, तुमची सोडत तर नाटक आहे, मग लिलावच करा की. काय उत्तर देणार? चांगुलपणानं केलं म्हणून? त्यांनी चांगुलपणा केला, आणि तो करायला लावला मी. मी वेळेवर उतरवलं असतं हे डोक्यावरचं, तर कुणाला खोटं बोलावं लागलं नसतं. वेलायुदम देवीचा पुजारी आहे. त्याला देवीपुढे खोटं ओरडायला लावलं मी.

आज बोलणार आहे. ठरवून आलोय. पण नुसतं बोललो तर कुणी कबूल होणार नाही. म्हणतील, नाट्टार, तुम्ही विसरता हल्ली, शंख टाकलात तुम्ही, आम्ही बघितला. प्रेमानं सांगतील. आणि मी — मला ते पटेल, तंबी. मला पटवून घ्यायचंच आहे. तीच भीती आहे.

बोललो तर काय होईल? नियम तोच, देसप्पनला लावलेला. माझं मुंडासं जाईल, घर मडक्याबाहेर. पूंगावनमला पाण्यात उतरता यायचं नाही. म्हणून हा पंचा. माझं उतरवलं की म्हणणार आहे, तिचं बांधा. तिची खूण घ्या, खोल पाणी आलं तर खोल पाणी, तिचं नाव तिच्या तोंडानं सांगू दे. बाईला आजवर कुणी बांधलेलं नाही. देतील? मला नाही वाटत. त्यांना मला फसवणं सोपं गेलं, हे जड जाईल. तिला विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर म्हणाली असती, गप्प पडून राहा.

— वाजला. ऐकलास ना ढोल? वाजला.

तो येतोय बघ. देसप्पन. रोज येतो मला न्यायला, वाटेत दगड आहेत म्हणून. मी समजायचो, नाट्टारला मान देतो. — आलो रे, देसप्पा! थांब तिथेच, पंचा घेतोय! — इकडे वाक. हात पुढे कर. हा घे, शंख. बघत बसू नकोस, मूठ मीट. माझ्या कनवटीला राहिला तर मडकं पुढे येताच हात जाईल आणि टाकीन मी. ओळखतो मी माझा हात. तुझ्याकडे असला म्हणजे नाही टाकता येत. आज पुन्हा रिकामी मूठ घालीन. वेलायुदम माझं नाव ओरडला की उठेन, म्हणेन, माझा शंख मडक्यात नाही, तो चिरालाच्या पंचेवाल्याकडे आहे, जा, बघून या. मग कुणीतरी येईल इथे पळत. त्याला दाखव. पंचाही इथेच ठेवतो, त्याच्याच हाती दे.

आणि ढोल थांबला, माणसं घरोघर परतली, तरी कुणी आलं नाही — तर समज, म्हातारा हात जोडून खाली बसला. मग शंख खाडीत टाक, पंचा तुझा तुला, आणि पुन्हा या गावात येऊ नकोस. तुला तोंड दाखवणं मला जमायचं नाही.

काही बोलू नकोस. सावलीत बस.

— चल, देसप्पा. नाही, हात नको धरूस. आज नको.