तीन दिवस मागे

कामशेतला पवनानगरची जीप भरत आली होती. दिवसाला एकच एसटी यायची तो काळ पाहिलेल्या सरुबाई वडगावच्या गाडीसाठी बाकावर बसल्या होत्या. शेजारी माय-लेकी उभ्या होत्या.

“दादाचे बिटकॉइन त्याच्याशिवाय कुणाला हलवता येत नाहीत, आई. हलले, तर समजायचं तो आहे.”

“दोन वर्सं झाली अमृतला घर सोडून. आज बी न्हाई हललं?”

“अजून कळायचंय. तीन दिवस लाईट नव्हती, त्यात आपला कॉम्प्युटर मागे पडला. सकाळपासून तेवढ्या दिवसांचा जगभरातला एकेक बिटकॉइनचा व्यवहार तपासत बसलाय.”

“मंग तुज्या मोबाईलवर बघ की.”

“दुसऱ्याच्या मशीनवर विश्वास ठेवायचा नाही, असं दादाच सांगायचा. म्हणून तर हा कॉम्प्युटर घरी बसवला त्यानं.”

“लय शाना. येवढं सांगितलं, आन् कुटं चाललो त्ये न्हाई सांगितलं.”

मुलीनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

“कवा व्हईल तपासून?”

“आपण घरी पोचेपर्यंत.”

“दोनच सीट राहिल्यात, चला मावशी,” जीपवाला म्हणाला.

“जाऊ दे ही. मागच्या जीपनं जाऊ.”

“आई, ती तासाभरानं येईल.”

“येऊ दे.”

सरुबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि दोघींना बाकावर जागा करून दिली.